बारा चोची

चाकू करणाऱ्याच्या घरात भाजी बोथट विळीवर चिरली जाते, असं कृष्णवेणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि तिच्या घरात ते अगदी खरं होतं. रघुनंदनने उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या कमरेसाठी हजारो चाकू केले, पण घरच्या विळीला धार लावायला त्याला कधी सवड झाली नाही. वेट्टार नदीच्या काठी, पापनाशम् आणि तिरुक्करुगावूरच्या मधल्या त्या गावात मराठी बोलणारं हे एवढं एकच घर उरलं होतं. पूर्वज तंजावरच्या दफ्तरातल्या कारकुनांना बोरू तासायचे चाकू करून देत. दफ्तर गेलं, बोरू गेले, चाकू तेवढा राहिला.

त्यांच्याकडे तीन घाट होते. पहिला तो कारकुनांचा, सरळ आणि बारीक पात्याचा. त्याला आजही बोरूच म्हणत, आणि सुपारी कातरायला म्हणून म्हातारी माणसं तो कमरेच्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, घडीत बाळगत. दुसरा बसका, आखूड आणि बोथट नाकाचा, पानमळ्यात वेल बांधणाऱ्यांचा. तिसरी चोच. तिचं पातं पोपटाच्या नाकासारखं खाली वळलेलं, केळीची पानं कापणाऱ्यांसाठी. कमरेच्या दोरीला कोणता चाकू लटकतो त्यावरून माणूस काय करून खातो ते कळायचं. बाजारात प्लास्टिकच्या मुठीचे चाकू ढिगाने मिळतात, तरी पानवाल्यांना चोच लागायची ती रघुनंदनच्याच हातची. म्हशीच्या शिंगाची मूठ हाताच्या घामात घसरत नाही, असं ते म्हणत.

चाकू मिटणारा असल्यामुळे सगळा जीव कमानीत. मुठीच्या पाठीतली ही पोलादी पट्टी पातं उघडं धरते आणि मिटलंही धरते. कमान आधी तापवून तेलात विझवायची, मग पुन्हा निखाऱ्यावर हळूहळू तापवत रंग बघायचा. आधी गवती पिवळा येतो, मग विटकरी, मग वांगी, आणि मग निळा. निळा दिसला की त्याच क्षणी बाहेर. अलीकडे काढली तर कमान काचेसारखी कडक राहते आणि एक दिवस तुटते, पलीकडे गेली तर मऊ पडते. भट्टीची खोली म्हणूनच अंधारी ठेवायची, रंग उन्हात बघायचा नाही, हे रघुनंदनच्या बापाने त्याला कान धरून शिकवलं होतं.

आणि रघुनंदनला दोन वर्षांपासून रंगच दिसत नव्हता. साखरेच्या आजाराने डोळ्यांत धुकं भरलं. माणूस दिसायचा, माणसाचं तोंड दिसायचं नाही. हातोडी, कानस, खिळा ठोकणं हे सगळं तो हातांनी करी, ते हात अजून शाबूत होते. रंग मात्र कृष्णवेणी सांगायची. ती भट्टीपाशी पाटावर बसायची आणि म्हणायची, पिवळा, विटकरी, वांगी, निळा. गावात हे कुणाला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की रघुनंदन चाकू डोळ्यांसमोर धरून मान हलवायचा, जणू काही बारकाईने बघतोच आहे. कृष्णवेणीला त्याचं ते नाटक बघवत नसे, पण मोडवतही नसे.

त्या वर्षी सप्टेंबरात वाऱ्याने भट्टीवरचं झावळ्यांचं छप्पर उचलून नेलं. गावातल्या निम्म्या केळीही त्याच वाऱ्यात आडव्या झाल्या. झावळ्या विणणारा माणूस आज येतो उद्या येतो करत राहिला, आणि आयुधपूजा तर दहा दिवसांवर आली. पूजेला नवी चोच मांडायची, विजयादशमीच्या सकाळी तिने पहिलं पान कापायचं, अशी पानवाल्यांची रीत होती. बारा जणांनी सांगून ठेवलं होतं. शेवटी शेजाऱ्याकडची निळी ताडपत्री आणून बांबूंवर ताणली.

ताडपत्रीखाली सगळंच निळसर दिसायचं. पहिल्या दिवशी कृष्णवेणी आपले हात पुढे धरून हसली होती. "कृष्णासारखी झालें मी."

"काम कर गे," रघुनंदन म्हणाला.

कमानी रंगवायच्या दिवशी ऊन कडक होतं. पहाटेपासून भाता मारून तिचे खांदे भरून आले होते, लुगड्याला घामाचे पांढरे डाग पडले होते. पहिली कमान निखाऱ्यावर चढली.

"पिवळा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "विटकरी." आणि लगेच, "निळा. काढा."

रघुनंदनचा चिमटा हवेत थांबला. "इतक्या बेगी?"

"झाला, म्हणते ना."

त्याने कमान काढली. दुसरीलाही तसंच झालं. तिसरीला तो पुन्हा म्हणाला, "आज अस्क्या, तिन्ही, बेगी रंगताहेत गे. निखारे तर रोजचेच. वांगी येऊन गेला कां?"

नऊ कमानी अजून पुढ्यात होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते, चुलीवर भात राहिला होता. कृष्णवेणीने जे बोलू नये ते बोलून टाकलं.

"डोळे तुमचे कीं माझे?"

 उरलेल्या सगळ्या कमानी रघुनंदनने ती सांगेल तेव्हा मुकाट्याने काढल्या. रंगलेली कमान शिंगाच्या मुठीत गेली की पुन्हा कुणाला दिसत नाही. दोन दिवसांनी चाकू जुळवून झाले तेव्हा त्याने एकेक कानापाशी धरून दहादा उघडला, मिटला. खणखणीत आवाज येत होता. "आवाज चांगला आहे," तो म्हणाला, आणि तिला वाटलं, चला, राग गेला.

पूजेच्या आदल्या दिवशी पानवाले आले. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, वैर येतं. म्हणून रघुनंदन उंबऱ्याबाहेर केळीच्या पानाचा तुकडा ठेवी, त्यावर मिटलेला चाकू ठेवी, आणि घेणारा विडा ठेवून तो उचले. सर्वांत शेवटी सुंदरेश आला. पस्तिशीचा, काटक, बोलताना नेहमी खाली बघणारा. त्याची जुनी चोच धार लावून लावून सुईएवढी उरली होती.

"ही माझी चौथी, अण्णा," तो तमिळमध्ये म्हणाला. "पहिली माझ्या अप्पांनी घेतली होती तुमच्याकडून."

"पाचवीही घेशील," रघुनंदन म्हणाला, आणि चाकूकडे बघितल्यासारखं केलं.

आयुधपूजेच्या दिवशी गावातली हत्यारं देवापुढे झोपतात. विळे, कोयते, नांगराचे फाळ, शिवणयंत्रं, मोपेडी, सगळ्यांना गंध आणि कुंकू, आणि दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. कृष्णवेणीनेही ऐरण धुऊन तिच्यावर फूल ठेवलं होतं. दुपारचा नैवेद्य होतो न होतो तोच शेजारची बाई कुंपणावरून सांगून गेली, सुंदरेशचा हात कापला. नव्या चोचीने. पातं आपोआप मिटलं म्हणे, बोटांवर.

"पण आज चाकू काढला कशाला त्याने?" कृष्णवेणीने विचारलं.

"तेच तर. तिरुक्करुगावूरला यात्रेकरूंच्या पंगतीला पानं कमी पडली, कुणीतरी फोन केला. जुना चाकू चालेना, म्हणून देवीपुढचा उचलला. मग देवी सोडते होय?"

संध्याकाळी तो कुंभकोणच्या इस्पितळातून टाके घालून घरी आल्याचं कळलं तेव्हा कृष्णवेणी एकटीच गेली. सुंदरेश पडवीत भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात पंज्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, चेहरा राखेसारखा. त्याची बायको सुब्बलक्ष्मी दारातच उभी होती, तिच्या साडीवर वाळलेलं रक्त होतं. ती तिने अजून बदलली नव्हती.

"अक्का, तुम्ही कशाला आलात," तो म्हणाला आणि उठायला बघू लागला. "चूक माझी आहे. अण्णांना सांगा, माझ्यामुळे त्यांच्या चाकूला नाव ठेवतील लोक. मी पूजेतलं हत्यार उचललं. चोच देठात अडकली, सोडवायला मागे ओढली, तर आत काहीतरी कट्टकन मोडलं. पातं मिटलं. दोन बोटांच्या शिरा गेल्यात, डॉक्टर म्हणतात वळणार नाहीत. मला शिक्षा झाली, अक्का. ती व्हायलाच हवी होती."

कृष्णवेणीला बसवेना. तो माणूस तिची क्षमा मागत होता. चाकू कुठे आहे असं तिने विचारलं, तेव्हा सुब्बलक्ष्मीने अंगणातल्या तुळशीपाशी बोट दाखवलं. घरात नको म्हणून त्यांनी तो तिथे टाकला होता. कृष्णवेणीने तो उचलला. मुठीची एक बाजू उकलली होती, आत कमान मधोमध तुटलेली. तिने तुकडा बोटाने बाहेर काढला आणि मावळतीच्या स्वच्छ उजेडात धरला.

तो वांगी होता. निळ्याचा त्यावर मागमूस नव्हता, उलट कडेला अजून विटकरी झाक होती.

तिला ताडपत्री आठवली. तिच्याखाली निळसर दिसलेले आपले हात आठवले. आणि मग रघुनंदनचा हवेत थांबलेला चिमटा आठवला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, तसं आता तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि सुंदरेशला काही न बोलता घरी आली. त्या न बोलण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

रघुनंदन ओसरीवर बसला होता. तिने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "वांगी आहे. मी निळा म्हणालें. ताडपत्रीचा उजेड होता तो."

त्याने तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. तुटलेल्या पोलादाचा खरखरीत दाणा त्याच्या बोटांना कळत होता, त्याला डोळे लागत नव्हते. 

"गांवात काय म्हणतात?"

"देवी म्हणतात."

"मग म्हणूं दे."

"उद्यां सकाळीं अकरा जण उघडतील हो."

"अकराच्या अकरा, अस्क्याच तुटतील असें कोठें आहे?" तो म्हणाला, पण आवाज त्याचाच त्याला पटत नव्हता. "तूं काय सांगशील त्यांना? दोन वर्षं आंधळा चाकू करतो, आणि बायको रंग सांगते, असें? माझ्या बापाच्या नांवानें घेतात ते."

"मी चुकलें असें सांगेन."

"माझें तोंड काळें केल्यावांचून तें सांगतां येतें काय?"

ते खरंच येत नव्हतं. कृष्णवेणी उभी राहिली. देवीच्या नावावर खपवून नामानिराळं राहायची वाट समोर आयती उघडी होती, आणि क्षणभर तिचं मन त्या वाटेवर गेलंही. मग तिला सुब्बलक्ष्मीच्या साडीवरचे डाग आठवले. तिने कोपऱ्यातली भाजीची पिशवी उचलली.

"तेव्हां तूं मला विचारलेंस, डोळे कोणाचे म्हणून," रघुनंदन तिच्या पाठीमागून म्हणाला. "मीही माझ्या हातांचें ऐकलों नाहीं."

ती पायरी उतरून गेली.

अकरा घरं होती. पहिल्या घरी तिला बसायला पाट दिला, कारण सणाचा दिवस. तिने उभ्यानेच सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. त्या घरचा माणूस तिच्याकडे आणि मग आपल्या बायकोकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं अण्णांना दिसतच नाही?" नाही म्हटल्यावर तो आत गेला. पूजेतून चाकू हलवायचा म्हणून आधी देवीपुढे कापूर लावला, मग चोच आणून जमिनीवर ठेवली. थोडा थांबला, पुन्हा आत गेला, आणि गेल्या वर्षीचा बसका आणून तिच्याशेजारी ठेवला.

"हा चांगला आहे," कृष्णवेणी म्हणाली. "तेव्हा छप्पर झावळ्यांचं होतं."

"असेल. घेऊन जा."

मग घरोघरी तेच झालं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते तिने त्या संध्याकाळी पिशवीच्या वजनाने अनुभवलं. चोचींबरोबर दोन वर्षांतले बोरू आले, बसके आले, धार लावून निम्मे झालेले चाकू आले. एका म्हातारीने आपल्या मेलेल्या नवऱ्याचा बोरू आणून ठेवला. तो पंधरा वर्षांपूर्वीचा होता, रघुनंदनच्या चांगल्या डोळ्यांचा. कृष्णवेणीने तिला ते सांगितलं नाही. एका घरच्या तरण्या सुनेने मोबाइलवर चाकूंच्या त्या ढिगाचा फोटो काढला, आणि काढताना सणाचा फोटो असावा तशी तिच्याकडे बघून हसली. पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता.

शेवटच्या घरी विष्णुप्रसाद नावाचा माणूस होता, त्याने मात्र हत्यार पूजेतून उठवायला साफ नकार दिला. एकाने उठवलं त्याचं काय झालं ते बघितलं ना, म्हणाला. कृष्णवेणी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच्या अंगणात जाऊन बसली. तो आंघोळ करून आला, पूजा केली, चाकू कमरेला बांधायला घेतला, आणि ती अजून बसलेलीच बघून काही न बोलता तिच्यापुढे ठेवून निघून गेला. कोयता घेऊन गेला.

तिथून ती सुंदरेशकडे गेली. आता चुकवून चालणार नव्हतं. तिने त्याला सगळं सांगितलं, ताडपत्रीपासून. तो खाली बघत ऐकत होता. सांगून झाल्यावर कोंबड्या फिरत होत्या तिकडे बघत म्हणाला, "देवी असती तर बरं होतं, अक्का. तिच्यापुढे नारळ फोडला असता. तुमच्यापुढे काय करू?"

 सुब्बलक्ष्मी आतून बाहेर आली नाही.

घरी येऊन तिने सुरीने ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या. ताडपत्री घडी करून शेजाऱ्याला परत दिली. झावळ्या तिने स्वतः विणल्या. आठ दिवस लागले, बोटं सालपटून निघाली. त्या आठ दिवसांत दारात एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. रघुनंदन पिशवी पुढ्यात घेऊन बसायचा, एकेक चाकू उघडायचा, कमान काढायचा, आणि बारा चोचींतल्या अकरा कमानी त्याने ऐरणीवर ठेवून हातोडीने तोडल्या. सगळ्या एका घावात तुटल्या. तो मोजत नव्हता, ती मोजत होती.

छप्पर झाल्यावर तो म्हणाला, "भट्टी पेटव."

"कोण घेणार?"

"कोणीं घेवो न घेवो. सुंदरेशचा द्यायचा आहे."

त्याने एकच चोच केली, डाव्या हाताची. पात्यावर नख अडकवायची खाच उजव्या अंगाला असते, ती त्याने उलट्या अंगाला घातली. मुठीचा उतारही उलटा घडवला. असा घाट त्यांच्या घरात कधी झाला नव्हता, आणि तो जमला म्हणून पूजेनंतर पहिल्यांदा तो पोटभर जेवला. कमान रंगवताना कृष्णवेणीने अंधारात चारही रंग सांगितले, आणि निळा म्हणायच्या आधी इतका वेळ थांबली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याने घाई केली नाही.

ती चोच घेऊन गेली तेव्हा सकाळचे दहा झाले होते. सुंदरेश पडवीत त्याच जागी होता. पट्टी निघाली होती. दोन बोटं काटकीसारखी सरळ, बाकीची त्यांच्याभोवती मिटलेली. तिने उंबऱ्याबाहेर पानाचा तुकडा पसरला आणि चाकू ठेवला. सुंदरेशने बघितलं, हात पुढे केला नाही.

तेवढ्यात सुब्बलक्ष्मी बागेतून आली. डोक्यावर पानांचा भारा, केळीच्या चिकाने दोन्ही हात काळे. भारा उतरवून तिने घाम पुसला, आणि विडा न ठेवता सरळ चाकू उचलला. उजव्या अंगठ्याने खाच शोधली. नव्हती. चाकू फिरवून पाहिला.

"हा डाव्या हाताचा आहे."

"सुंदरेशसाठी केला त्यांनी," कृष्णवेणी म्हणाली. "डाव्याने कापता येईल म्हणून."

"आणि पान धरायचं कशाने?" सुब्बलक्ष्मीने विचारलं. ती रागावलेली नव्हती, फार थकलेली होती. "एका हाताने देठ ओढून धरावा लागतो, अक्का, तेव्हा दुसऱ्याने कापता येतो. त्यांचा उजवा धरत नाही."

पिढ्यान्‌पिढ्या पानवाल्यांचे चाकू केले, आणि एवढी साधी गोष्ट नवरा-बायकोपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. कृष्णवेणीची मान खाली गेली.

सुब्बलक्ष्मीने चाकू होता तिथे परत ठेवला. "बागेत मी जाते. माझा हात उजवा आहे, आणि लहान आहे. तसा करा."

"आम्ही करतो."

"आणि कमान रंगवाल त्या दिवशी मला सांगा. मी येऊन बसेन. रंग मी बघेन."

कृष्णवेणीने मान हलवली. माप घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून तिने भाऱ्यातून केळीच्या वाखाचा एक दोरा ओढला आणि सुब्बलक्ष्मीच्या मिटलेल्या मुठीभोवती गुंडाळला. बोटांवर चार-पाच ताज्या चिरा होत्या, चिकाने काळ्या पडलेल्या.

"हे कशाने?"

"घरातल्या सुरीने कापते आहे. ती सारखी घसरते."

पडवीतून सुंदरेश उठून आत गेला. कृष्णवेणीने वाखाला जिथे टोक आलं तिथे गाठ मारली आणि तो कनवटीला लावला. परवा ये, ती म्हणाली, ऊन चढायच्या आत.